पेणकर म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलासाठी भाड्याने फ्लॅट बघतोय, दोन महिने झाले. परवा एका एजंटाने फोनवर आधी बजेट विचारलं, मग माणसं किती, नॉनव्हेज खाता का, आणि मग आडनाव. म्हटलं पेणकर. तर म्हणाला, "ते कळलं हो काका, पण पेणकर म्हणजे कोण?" मी म्हटलं, पेणचे. "तसं नाही, कोण म्हणजे... ओनर विचारतात ना." मी फोनच ठेवला. राग आला होताच, पण थोडं हसूही आलं, कारण त्याला हवं ते उत्तर या आडनावात नाहीच.

गेल्या वर्षी ठाण्यात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने "पेणकर" म्हणून हाक मारली, मी उठलो आणि शेजारी बसलेले एक आजोबाही उठले. पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी, अगदी आपल्यातलेच वाटावेत असे, पण पासबुकावर पहिलं नाव बायबलमधलं. मी पटकन विचारलं, ख्रिश्चन का? म्हणजे बघा, एजंटाला नावं ठेवतोय आणि तोच प्रश्न मीही विचारून बसलो होतो. आजोबा शांतपणे म्हणाले, "नाही, आम्ही बेने इस्रायल. ज्यू."

मग काय, नंबर जाऊ दिला आणि गप्पा मारत बसलो. त्यांच्यात सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांचे हे वंशज. गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवले, शनिवार धर्माने विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. आणि ज्या गावात राहिले त्याचं आडनाव लागलं, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर. पहिली नावं पण कोकणात मुरलेली. सॅम्युअलचं सामाजी आणि इझिकेलचं हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली ज्यांनी बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर. आता नुसतं दिवेकर ऐकलं की आपण चित्पावन म्हणून मोकळे होतो, आणि चित्पावनांत दिवेकर आहेतही. पण हेही दिवेकरच.

म्हणून म्हणतो, 'कर' एवढंच सांगतो की बाबा तू कुठला. मल्हारराव होळ गावचे म्हणून होळकर. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरीतलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि शाळेत पुढे आंबेडकर झालं. तीन आडनावं, घडण एकच, माणसं कुठल्या कुठली. पाटील, देशमुख, कुलकर्णी, चिटणीस ही तर कामाची नाहीतर हुद्द्याची नावं. चिटणीस, फडणवीस यातला 'नीस' किंवा 'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा, म्हणजे ज्या आडनावाचा आपण एवढा अभिमान धरतो ते अर्धं इराणातून आलंय. पाटील मराठ्यांत आहेत, आगरी कोळ्यांत आहेत, जैन लिंगायतांतही आहेत. कोकणी मुसलमानांत देशमुख सापडतील. आणि गायकवाड म्हटलं की बडोद्याचे महाराज आठवतात तसे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले दादासाहेब गायकवाडही आठवायला हवेत.

तरी लोक आडनाव ऐकलं की डोळे बारीक करतात आणि 'कुठले तुम्ही, मूळचे?' असं दुसरीकडून पोखरायला लागतात. गाव विचारलं तर मला आवडतं, खरंच. पण गाव सांगून झाल्यावर पुन्हा "हां, पण..." आलं की समजायचं.

तुमच्या पेपरात आडनावांवर वाचकांचं एखादं सदर सुरू करता आलं तर बघा. प्रत्येकाने फक्त आपलं गाव आणि घरात ऐकलेली हकीकत लिहायची, 'कोण' ते लिहायचं नाही. माझ्याकडे फार काही नाही, पेणला आमचं घर नाही, जमीन नाही, दर भाद्रपदात गणपतीची मूर्ती तेवढी तिकडून येते. बँकेतल्या आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमचं तर तेवढंही येत नाही हो, नुसतं नाव राहिलंय."

आपला,
एक पेणकर, ठाणे