पेरूला निघालेल्या लेकीस

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, इंकांचे रस्ते पाचशे वर्षं टिकले आणि तुमच्या खात्याचे एका पावसाळ्यात धुऊन जातात." तुझी आई शेजारी हसत होती, म्हणून गप्प बसलो. आता उत्तर देतो, कारण तिकडचा गाइडही तुला हेच ऐकवेल आणि तू मान डोलावशील.

दक्षिण अमेरिकेत स्पॅनिशांच्या आधी राज्य करणाऱ्या इंकांचे ते रस्ते आपोआप टिकले नाहीत गं. आजच्या सहा देशांत पसरलेलं ३० हजार किलोमीटरच्या वरचं जाळं, त्यातलं बरंचसं मोडलं, बुजलं, डांबराखाली गेलं. राहिलं ते एक तर आडवाटेला म्हणून, नाही तर कुणीतरी हात लावत राहिलं म्हणून. माचू पिचू या इंकांच्या जुन्या नगरीच्या ज्या वाटेवर तू चालणार आहेस, तीही दर फेब्रुवारीत डागडुजीसाठी बंद ठेवतात.

म्हणून सांगतो, जूनमध्ये जातेच आहेस तर केस्वाचाका चुकवू नकोस. कुस्को शहरातून गाडीने काही तासांवर, आपुरिमाक नदीवर गवताचा झुलता पूल आहे, सुमारे २८ मीटर लांबीचा. दरवर्षी जूनमध्ये विंचिरी, चाउपिबांदा, चोक्कायवा आणि क्कोयाना केवे या चार गावांची माणसं तो नव्याने बांधतात. डोंगरावरचं कोया नावाचं चिवट गवत कापायचं, वाळवायचं, भिजवायचं, दगडाने कुटायचं आणि मग तळहातांवर वळायचं. प्रत्येक घराने ठरलेल्या मापाची दोरी आणायची. बारीक दोऱ्या मुख्यतः बायका वळतात. पुरुष दोन्ही काठांवर ओळीने उभे राहून त्यांचे मांडीएवढे जाड दोर करतात. चालायला चार, हाताला धरायला दोन. जुना पूल कापून नदीत सोडून देतात. गवतच ते, कुजून जातं. आधी डोंगरदेवांना आणि धरणीमातेला नैवेद्य, तीन दिवस काम, चौथ्या दिवशी नाचगाणी. आमच्याकडे एवढ्या वेळात अंदाजपत्रकावर सहीसुद्धा होत नाही!

२०२० मध्ये साथीमुळे ते काम राहिलं. मार्च २०२१ मध्ये पूल नदीत कोसळला. एकच वर्ष चुकलं होतं. जूनमध्ये गावांनी पुन्हा बांधला. शेजारी गाड्यांसाठी लोखंडी पूल असताना! पलीकडे जायची सोय होतीच, तरी बांधला, यावर मी बराच विचार केला. पूल बांधायच्या निमित्ताने चार गावं वर्षातून एकदा एका कामाला उभी राहतात, तेच त्यांना सोडायचं नसावं.

आता दुसरी बाजूही ऐक, नाही तर भारावून परत येशील. इंकांच्या राज्यात कर पैशात नव्हता, श्रमात होता. त्याला मिता म्हणत. रस्त्याचा आपापला तुकडा, पूल, मुक्कामाचे तांबो आणि कोठारं सांभाळणं हे आसपासच्या गावांचं बंधन. सरकार खायला-प्यायला घाली, पण नाही म्हणायची सोय नव्हती. रस्ते मुळात सैन्यासाठी, निरोप्यांसाठी आणि सरकारी माल वाहणाऱ्या लामा या जनावरांसाठी. राज्याच्या कामाशिवाय कुणी त्यावरून मनमोकळं हिंडत नसे. स्पॅनिश आले, रोगराईने गावंच्या गावं ओस पडली, तसे रस्तेही खचले.

आमच्याकडे पूर्वी ठरावीक पट्ट्याला मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारा मजूर, असे. पाऊस सुरू व्हायच्या आत मोरी साफ, साईडपट्टीवर मुरूम. पुढे ती पदं भरेनाशी झाली. माझ्या रस्त्यांची तक्रार करशील तेव्हा हेही मोज.

इंकांकडे चाकाची गाडी नव्हती म्हणून चढाला सरळ पायऱ्या काढल्यात, गुडघे सांभाळ. पायऱ्यांचं कौतुक सगळेच करतील, तू कडेला वाकून दगडी गटारं बघ, पाणी कुठून काढून दिलंय ते. त्यांचे फोटो पाठव, तुझा सेल्फी नंतर. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस धावपळ नको. तुमचं सामान वाहणाऱ्या हमालांशी नीट बोल आणि बक्षिशी हातात दे, एजन्सीवर सोडू नकोस.

आई म्हणते, मेतकूट घेतलंस का?

तुझा,
बाबा