स्वच्छतागृहात आडोसाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक स्वच्छतागृहांबद्दल आपल्याकडे पत्रं येतात ती पाणी नाही, दुर्गंधी येते, कड्या मोडल्यात अशी. ती रास्तच आहेत. मला आडोशाबद्दल लिहायचं आहे, कारण आडोसा नसला तर मला लघवीच होत नाही. घरी एकटा असताना काही अडचण नसते. बाहेर मात्र शेजारच्या भांड्यापाशी कुणी येऊन उभं राहिलं, किंवा मागे कुणीतरी खोळंबलंय एवढं जाणवलं, तरी आलेली लघवी अडते. ओटीपोट तट्ट होतं, कळा येतात, पण थेंब पडत नाही. मग प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, हे ओघानं आलंच.

याला शाय ब्लॅडर म्हणतात, डॉक्टरी भाषेत पॅरुरेसिस. हे नाव १९५४ पासून आहे. मानसिक विकारांच्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या अमेरिकी नियमावलीत सामाजिक भयाच्या विकाराखाली त्याचा उल्लेख आहे. बायकांनाही हा त्रास होतो; बाहेरच्या रांगेची कुजबुज त्यांना आत ऐकू येत असते.

'थोडा जोर कर' हा सल्ला प्रत्येक जण देतो. लघवी व्हायची तर मूत्राशयाची पिशवी आवळली जावी लागते आणि त्याच वेळी तिच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल पडावे लागतात. मन धास्तावलं की शरीर नेमकं उलट करतं: पिशवी सैल, तोंड घट्ट. हे आपल्या हुकमानं चालत नाही. जोर केला की धास्ती वाढते आणि तोंड आणखी आवळतं.

नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत मी हे पुरतं भोगलं. हातात प्लॅस्टिकची डबी, कडी नसलेलं दार नुसतं लोटलेलं आणि बाहेर परिचर उभा. दाराखालच्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. मी नळ सोडला, डोळे मिटले, उलटे आकडे म्हटले. जरा सैलावतोय असं वाटावं आणि दारावर थाप पडावी, "झालं का?" शेवटी रिकामी डबी घेऊन बाहेर आलो. त्यानं माझ्याकडे न बघताच, नमुना देण्यास नकार, असा शेरा मारला. माझं काही ऐकूनच घेतलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. अमेरिकेत वाहतूक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची अमली पदार्थांसाठी चाचणी होते. तिथेसुद्धा नमुना देता आला नाही तर पाणी देऊन ३ तासांपर्यंत थांबतात आणि त्यानंतरही जमलं नाही तर डॉक्टरकडून कारण तपासून घेतात.

आडोशाची गरज फक्त माझ्यासारख्यांना आहे असंही नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पुरुष स्वच्छतागृहात प्रयोग झाला. एकट्या माणसाला लघवी सुरू व्हायला सरासरी ५ सेकंद लागत. अगदी शेजारी अनोळखी माणूस उभा राहिला की ८ सेकंदांच्या वर. ही साधी, निरोगी माणसं होती. त्यांच्या बाबतीत जे काही सेकंदांवर भागतं, ते आमच्या बाबतीत तासांवर जातं.

म्हणून स्वच्छतागृहं बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे की दोन भांड्यांमध्ये खांद्याएवढी पडदी घाला. हातभर फरशीचा तुकडा लावून भागत नाही. संडासाचं दार खालपर्यंत येऊ द्या, आतून कडी लागू द्या. आवाज करणारा पंखा असला तर फारच बरं, कारण काहींना आपला आवाज बाहेर जाईल याचीच भीती असते. आणि तपासणी केंद्रांनी दारावर थापा मारू नयेत. साध्या तपासणीचा नमुना घरून आणलेला चालत असेल तर तसं आधी सांगावं.

हा त्रास असलेल्यांना सांगतो, यावर उपाय आहे. मानसोपचारतज्ज्ञ टप्प्याटप्प्यानं सराव करून घेतात. भरपूर पाणी प्यायचं आणि विश्वासातल्या माणसाला बरोबर घ्यायचं. माझा एक जुना मित्र आधी पार जिन्यापाशी पाठ करून उभा राहायचा. लघवी सुरू झाली की मी क्षणभरानं थांबवायची, त्यानं थोडं पुढं यायचं आणि मी पुन्हा सुरू करायची. आता तो दाराबाहेर उभा असला तरी मला जमतं. अनोळखी माणूस शेजारी असताना अजून जमत नाही, सराव चालू आहे. घरी एकांतातही धार अडत असेल तर मात्र कारण वेगळं असू शकतं, प्रोस्टेटचं किंवा मूत्रमार्गाचं. ते आधी तपासून घ्यावं. आणि लघवी पूर्ण तुंबून कळा येत असतील तर लाजत बसू नये. रुग्णालयात नळी घालून लगेच मोकळं करतात.

आपला,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)