मोठा महोत्सव नको, जवळची बैठक द्या

माननीय मंत्रिमहोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार, वि. वि.

मी साउंडवाला आहे. कुडाळ तालुक्यात राहतो आणि बांद्यापासून राजापूरपर्यंत जिथून बोलावणं येईल तिथे टेम्पो घेऊन जातो. दशावतार (जत्रेतलं रात्रीचं नाटक), भजनाची डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना, सत्यनारायणाच्या पूजेतला ऑर्केस्ट्रा, रामनवमीचं गायन, निवडणुकीच्या सभा, सगळं करतो. (सभांचे पैसे सगळ्यात उशिरा मिळतात, पण ते काही तुमच्या खात्याकडे येत नाही.) जिल्ह्याच्या ठिकाणी होणारे मोठे सरकारी महोत्सव मोडा आणि त्यांचा खर्च तालुक्यांत, गावांत वाटून टाका, असं मी या पत्रात म्हणणार आहे. हे माझ्याच धंद्याच्या विरोधात आहे. मोठ्या मैदानाला लाइन अ‍ॅरे म्हणजे टांगलेल्या स्पीकरांची रांग लागते, ती टांगायला लोखंडी ट्रस लागतो, दोन जनरेटर लागतात. छोट्या बैठकीला दोन माईक आणि एक बारका मिक्सर पुरतो. पैसा कुठे आहे ते मला चांगलं कळतं.

साउंड चेक आटोपला की कार्यक्रम सुरू होईपर्यंत वेळ रिकामा जातो. मिक्सरजवळ कोणी ना कोणी येऊन टेकतं. पेटीवाला, मंडपवाला, जागा धरायला लवकर आलेला श्रोता. त्यांना मी विचारतो, पहिलं गाणं समोर बसून कुठे ऐकलंत? रेडिओवरचं नको, मोबाईलवरचं नको. एवढं विचारलं की घुम्या माणूससुद्धा बोलायला लागतो.

आचऱ्याकडचे एक काका म्हणाले, रामेश्वराच्या देवळात, रामनवमीला. तिथला उत्सव संस्थानी थाटाचा, बाहेरगावचे गवई येऊन देवासमोर गातात. काका तेव्हा लहान, आजोबांच्या मांडीवर पेंगत होते. आजोबांनी कोपर मारून विचारलं, "गाणा ऐकाक इलंस काय झोपाक?" राग कुठला होता ते काकांना आजही सांगता येत नाही, पण समेवर येताना गवई तबलजीकडे बघून हसला होता ते आठवतं. देवगडच्या एका बोटवाल्याने होळीतला ऑर्केस्ट्रा सांगितला. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेला, गायिकेच्या साडीवर टिकल्या, आणि ऑक्टोपॅड हे काय प्रकरण आहे ते बघायला पोरं स्टेजच्या मागून वर चढायची. दापोलीकडच्या एका नर्सबाईंनी शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन पक्षांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबाचा सामना ऐकला होता. आई शेजारी घोरत होती आणि या ते ऐकत पहाट होईपर्यंत टक्क जाग्या. रत्नागिरीच्या एका ड्रायव्हरने उरुसातली कव्वाली सांगितली आणि बोलता बोलता टाळ्यांचा ठेका धरला. सावंतवाडीचे एक गृहस्थ तेवढे वेगळे निघाले. त्यांनी पहिली मैफल तिकीट काढून ऐकली, तीही पुण्यात. भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला ते आंबोली घाटाने एसटीने गेले, कारण इथे तसं काही कानावर पडणार नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हा सवाई रात्रभर चालायचा.

माझं स्वतःचं पहिलं गाणं दशावतारातलं. गावची जत्रा, पालखी फिरून झाली, ओट्या भरून झाल्या, मध्यरात्र उलटली आणि देवळासमोर नाटक उभं राहायला लागलं. बाकाच्या एका टोकाला पायपेटीवाला, दुसऱ्या टोकाला मृदंगवाला कणीक मळत बसलेला. मला वाटलं, हा आता चपात्या करणार. त्याने ती कणीक मृदंगाच्या डाव्या तोंडाला थापली, बोटांनी दाबून सारखी केली, एक थाप मारून कान लावला, थोडी काढली, पुन्हा थापली. खर्ज, म्हणजे खालचा सूर, मनासारखा बसेपर्यंत त्याने कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. मग गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, संकासुर हसवून गेला, आणि आख्यानातल्या राजाने पद घेतलं. माईक एकच, वर दोरीला टांगलेला. राजा त्याच्याखाली आला की आवाज मंडपभर, दोन पावलं लांब गेला की पायपेटीच ऐकू यायची. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' म्हणतात ते दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. तोच राजा पेटारा उचलून पुढच्या जत्रेला निघाला होता. मी या धंद्यात आलो तो त्या टांगलेल्या माईकमुळे.

मंत्रिमहोदय, सवाईवाले गृहस्थ सोडले तर यातलं कोणीही गाण्यासाठी प्रवास केला नव्हता. गाणं चालत जाण्याच्या अंतरावर आलं होतं. फुकट होतं, रात्रीचं होतं आणि उघड्यावर होतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आता कायद्यात बसत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केला, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१० च्या दुरुस्तीने उघड्यावरची वाद्यंही त्यात आली. वर्षातून १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. ती यादी जिल्हाधिकारी काढतात आणि ती गणपती, नवरात्र, शिवजयंती, नाताळ, एकतीस डिसेंबर अशा दिवसांतच आटपते. आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर जत्रा लागतात त्या शिमग्यापर्यंत, प्रत्येक गावाची तिथी निराळी. त्या यादीत कुठल्या गावाने शिरायचं? दशावतार अजून होतात. कुठे डोळेझाक होते, कुठे दहानंतर माईक काढून ठेवतात. पण देवळातलं गायन, डबलबारी, पूजेतली भजनं यांचं बोलावणं आलं की यजमानांचा पहिला प्रश्न आता एकच असतो, "परवानगीचं काय?"

नियम बदला असं मी म्हणत नाही. डीजेच्या भिंतींनी ही वेळ आणली आहे, आणि रात्री म्हाताऱ्या माणसांनी झोपायचं कधी, हा प्रश्न खोटा नाही. पुण्यातल्या सवाईलाही आपलं रात्रभर चालणं सोडावं लागलं. पण त्याच नियमात लिहिलंय की सभागृहासारख्या बंदिस्त जागेत रात्रीही वाद्य वाजवता येतं. मग ती बंदिस्त जागा आम्हाला कुठे आहे ते दाखवा.

रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह आहे, मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे. नाहीत असं कसं म्हणू? पण मालवणच्या नाट्यगृहाचा वेंगुर्ल्याच्या आतल्या गावातल्या पोराला काय उपयोग? त्याच्या वाट्याला येतो तो तालुक्यातला बहुउद्देशीय हॉल. मी अशा कितीतरी हॉलांत वायर ओढल्या आहेत. खाली चकचकीत टाइल्स, चारी बाजूंना कोऱ्या भिंती, वर पत्रे. टाळी वाजवली तर आवाज भिंतीभिंतीवर आपटत राहतो. त्यात तंबोरा लावला की सूर आणि त्याचा घुमारा एकमेकांत मिसळतात, गायकाला स्वतःचा आवाज सापडत नाही, तो मला मॉनिटर (त्याच्यासमोरचा स्पीकर) वाढवायला सांगतो, मी वाढवला की शिट्टी. आणि आमचा गाण्याचा खरा मोसम म्हणजे श्रावण-भाद्रपद. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पत्र्याखाली गाणं ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल? सर जोरात आली की मिक्सरवरचे काटे हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. एका गायिकेने अशा वेळी गाणं थांबवून पावसाला नमस्कार केला होता. लोक हसले, पण तिचा चेहरा मी जवळून बघितला.

आता सरकारी कार्यक्रमांबद्दल. तालुका कुठला ते सांगत नाही, आयोजकांचं नावही नको. कार्यक्रम पत्रिकेवर सहाचा. पाहुणे पावणेआठला आले. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग भाषणं. पुढच्या तीन रांगांत सोफे, त्यांच्या मागे खुर्च्या, त्यांच्या मागे उभी माणसं, आणि सगळ्यात मागे शाळेतून लायनीने आणलेली पोरं. गवई स्टेजवर बसला तेव्हा माझ्या घड्याळात नऊ वाजून गेले होते. त्याने विलंबित ख्याल गाळला, एक द्रुत बंदिश घेतली, एक अभंग घेतला आणि दहाच्या ठोक्याला हात जोडले. पोरं तोपर्यंत परत गेली होती, कारण त्यांची बस थांबायला तयार नव्हती. त्या संध्याकाळी कोणाच्या तरी आयुष्यातलं पहिलं गाणं झालं असेल का? झालंच असेल तर ते चहाच्या स्टॉलवर लावलेल्या स्पीकरवरचं.

शेजारी गोव्यात बघा. पणजीत चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी आहे, पण मला त्याहून मडगाव, कुडचडे आणि साखळीची रवींद्र भवनं जास्त महत्त्वाची वाटतात. छोट्या शहरांत सरकारने पैसे घालून उभी केलेली नाट्यगृहं आहेत ती. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडची गाण्याची माणसं पत्रादेवीची हद्द ओलांडून तिकडे जातात. दर वेळी गाडी करावी लागते, म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही त्याने घरी बसावं.

आपल्याकडे कोणी काही करत नाही असंही नाही. कणकवलीत वसंतराव आचरेकरांच्या नावाचं सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. हेच आचरेकर कुमार गंधर्वांना तबल्याची साथ करायचे. रत्नागिरीत १९१० साली बांधलेल्या थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो. ही कामं गावातल्या माणसांनी उभी केली आहेत. आणि तुमच्या खात्याची संगीत राज्य नाट्य स्पर्धा रत्नागिरीत होते तेव्हा काय होतं ते मुद्दाम जाऊन बघा. तिकीट नाममात्र, म्हणून मुंज झालेला नातू आणि काठी टेकणारी आजी एकाच रांगेत बसून नाट्यपदं ऐकतात आणि पद आवडलं तर 'वन्स मोअर' मागतात. हे तुमचंच खातं करतं, फक्त एकाच गावात आणि ठरावीक दिवसांत.

माझं म्हणणं एवढंच की हे पसरवा. एका महोत्सवाच्या रकमेत वर्षभर तालुक्यातालुक्यांत बैठका होतील. संध्याकाळी पाचला सुरू करा, भाषण एकही नको, पुढे सोफे नकोत, सतरंजी घाला आणि पोरांना पुढे बसवा. कधी शास्त्रीय, कधी डबलबारी, कधी दशावताराची नुसती पदं. कुठलं श्रेष्ठ ते तुम्ही ठरवू नका, आम्हीही ठरवत नाही. नवे हॉल बांधायच्या आधी आहेत त्यांचे पत्रे झाका, आत छत घाला, भिंतींना आवाज शोषणारं काहीतरी लावा. ठेकेदाराच्या आधी एखाद्या गाणाऱ्या माणसाला आत उभं करून एक आलाप घ्यायला सांगा. देवळांचे सभामंडप तीन बाजूंनी उघडे, चिऱ्याच्या अर्ध्या भिंतीचे. ते बंदिस्त धरायचे की उघडे, हे एकदा गृह खात्याशी बोलून लेखी कळवा, म्हणजे ते ठाणेदाराच्या मर्जीवर राहणार नाही. आणि परिवहन मंत्र्यांना सांगून कार्यक्रमाच्या दिवशी वस्तीची गाडी, म्हणजे गावात मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी, नऊपर्यंत थांबवता आली तर बघा. आमच्याकडे किती गाणं ऐकायचं ते शेवटच्या गाडीवर ठरतं. गायक रंगात आला की मागच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, तो त्याला कंटाळून नव्हे.

पहिली बैठक तुमच्या खात्याने येत्या श्रावणात कुडाळ तालुक्यात ठेवावी. साउंड माझा, भाडं घेणार नाही, टेम्पोचं डिझेलही माझं. गायकाचं मानधन आणि त्या हॉलच्या पत्र्याचं तेवढं तुम्ही बघा. तारीख अमावास्येला धरू नका, त्या दिवशी आमच्याकडे मजूर मिळत नाहीत.

कळावे,
आपला,
कुडाळ तालुक्यातला एक साउंडवाला