कर्जबुडव्या राज्याला खडसावणारा न्यायाधीश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांनिमित्त वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन यांच्यावर भरभरून लिहिले जाते. जेम्स विल्सनचे नाव मात्र क्वचितच दिसते. 1776 चा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना या दोन्हींवर सही असलेले जेमतेम सहा जण. त्यांतला हा एक. जन्माने स्कॉटिश, वकिली फिलाडेल्फियात शिकलेला. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा असा त्याचा आग्रह होता, तो कोणी मानला नाही. (लोकप्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरण्याची तडजोड मांडणाराही हाच, तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही.) 1789 मध्ये वॉशिंग्टनने त्याला सर्वोच्च न्यायालयावर नेमले.

त्याची आठवण ठेवावी ती 1793 च्या ‘चिझम विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यासाठी. युद्धकाळात जॉर्जियाने साउथ कॅरोलायनातल्या एका व्यापाऱ्याकडून माल उचलला आणि पैसे दिलेच नाहीत. व्यापारी वारल्यावर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने, म्हणजे चिझमने, दावा लावला. सार्वभौम राज्यावर दावा चालत नाही, म्हणत जॉर्जिया कोर्टात उभेच राहिले नाही. विल्सनने निकालात खडसावले: रास्त मागणी घेऊन धनको दारात आला की लगेच सोंग पालटून ‘मी सार्वभौम’ म्हणायचे, हे चालणार नाही. चार विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधात एकटे जेम्स आयर्डेल. राज्ये इतकी बिथरली की 1795 पर्यंत अकरावी घटनादुरुस्ती करून हा निकाल निष्प्रभ केला गेला. आपल्याकडे मात्र राज्यघटनेच्या कलम 300 नुसार राज्य सरकारला कोर्टात खेचता येते; सरकारकडे बिले थकलेल्या कंत्राटदारांना त्याचे मोल विचारा.

पुढचे दैव बघा. उसन्या पैशावर अफाट जमिनी घेऊन ठेवलेला विल्सन 1796-97 च्या मंदीत पुरता बुडाला. पगार वर्षाला 3,500 डॉलर, देणे लाखांच्या घरात. पदावर असतानाच तो घेणेकऱ्यांना चुकवत फिरला, दोनदा कर्जापायी तुरुंगात गेला. ऑगस्ट 1798 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनला तो वारला. हे त्याच आयर्डेल यांचे गाव! अस्थी फिलाडेल्फियाला परत न्यायला 1906 साल उजाडले.

एवढे होऊनही विल्सनवर महाभियोग चालला नाही, मरेपर्यंत तो न्यायमूर्तीच होता. महाभियोग वाट्याला आला तो 1804 मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांच्या. त्यांचे मुख्य पाप म्हणजे जेफरसनच्या पक्षाविरुद्ध न्यायासनावरून सोडलेली जीभ. 1805 मध्ये तेही सुटले.

– एक वाचक, सातारा