जुन्या रुळांवरच्या गाडीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला हायस्पीड रेल्वेवरचा अर्ध्या पानाचा लेख काल वाचला आणि आज सकाळी गाडीत परत एकदा वाचला. वेळ भरपूर होता, आमची पॅसेंजर नेहमीसारखी लूप लाइनला, म्हणजे मागच्या गाडीला पुढे सोडायच्या बाजूच्या रुळावर, उभी होती. लेख चांगला आहे, भाषा छान, फोटो तर झकासच. फक्त एक विचारायचं होतं, लेखक महाशय स्वतः कधी रोज अप-डाऊन करतात का? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय. बरं, थोडासा मारतोय.

'दोनशे किलोमीटरवरून रोज कामाला येणं आता सहज शक्य' असं ठळक चौकटीत छापलंय. ताशी तीनशेच्या स्पीडनं दोनशे किलोमीटर म्हणजे चाळीस मिनिटं, हिशोब शाळेतला आहे, त्यात चूक काढायला जागा नाही. पण हा स्पीड गाडीचा झाला हो, माणसाचा कुठे? माणूस घरातून निघतो, स्टेशन गाठतो, गाडी लावायला जागा शोधतो, फलाटावर ताटकळतो आणि उतरल्यावर परत कशात तरी लटकून ऑफिसला पोचतो. ते सगळं चाळीस मिनिटांच्या बाहेरचं. त्यात या नव्या लाइनला जोरदार वळणं चालत नाहीत, ती सरळसोट जाते, त्यामुळे मधल्या गावांची स्टेशनं बऱ्याचदा गावाबाहेर पडतात. फ्रान्समध्ये 1994 मध्ये ओत-पिकार्दी नावाचं स्टेशन काढलं, आमियां आणि सां-कांतां या दोन शहरांच्या मधे, म्हणजे दोघांची सोय बघायला गेले आणि दोघांचीही गैरसोय करून बसले. आजूबाजूला बीटाची शेतं, म्हणून लोक त्याला बीटाचं स्टेशन म्हणतात. तुमच्या लेखातल्या नकाशात स्टेशनांचे टिपके कसे अगदी शहरांच्या नावावर बरोब्बर बसलेले दिसतात. काढणाऱ्याचं कौतुक आहे.

आणि मधे थांबायचं म्हटलं की चाळीस मिनिटं राहतच नाहीत. तीनशेवरची गाडी थांबवायची, पुन्हा तीनशेवर न्यायची, त्यात प्रत्येक वेळी काही मिनिटं जातात. टोकियो-ओसाका लाइनचं उदाहरण तुम्हीच दिलंय, पण अर्धंच. तिथली नोझोमी मधे फक्त मोठ्या चार-पाच ठिकाणी थांबते आणि अडीच तासांच्या आत-बाहेर पोचते. त्याच रुळांवरची कोडामा सगळ्या स्टेशनांवर थांबते, तिला जवळजवळ चार तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ ती बाजूच्या रुळावर उभी राहून मागच्या नोझोमीला पुढे सोडत असते. म्हणजे बघा, शिंकान्सेन (जपानची हायस्पीड) असूनसुद्धा लहान गावांवर थांबणाऱ्या गाडीच्या नशिबी बाजूला उभं राहणंच! हे वाचून (तुमच्याकडे नाही, दुसरीकडे) मला उगाचच जपानबद्दल आपुलकी वाटली.

बाजूला उभं राहणं म्हणजे काय ते मी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी खात्याची परीक्षा होती, प्रमोशनची. दहाला गेट बंद. मी नेहमीच्या आधीची पॅसेंजर पकडली, म्हटलं हाताशी तासभर ठेवू. एका लहान स्टेशनला गाडी लूपला घेतली. एक सुपरफास्ट गेली. म्हटलं आता सुटेल. सिग्नल लालच. गार्डसाहेब खाली उतरून सावकाश बुटाची लेस बांधताना दिसले तेव्हाच पोटात गोळा आला, ज्या माणसाला सिग्नल मिळायचाय तो लेस बांधत बसत नाही. विचारलं तर म्हणाले, मागून अजून एक आहे, लेट धावतेय. ऐका हं, लेट ती धावत होती, तिचा लेट भरून काढायला उभे आम्ही! शेवटी ती आली, धुरळा उडवत, आमच्या डब्याची दारं हादरवत गेली, एसीच्या काचांमागे निम्म्या सीटा रिकाम्या. आमच्याकडे दोन्ही दारांत माणसं लोंबत होती. मी गेटवर पोचलो तेव्हा वॉचमन कुलूप लावून खुर्चीवर बसला होता, त्यानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. परीक्षा पुढच्या वर्षावर गेली आणि माझ्या मागून लागलेला माणूस माझा साहेब झाला. चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मी लेखी तक्रार केली होती, तिला उत्तर आलं, 'परिचालनाच्या कारणास्तव'. एवढंच. आणि रोजचं म्हणाल तर शेवटच्या दोन स्टेशनांमधे टाइमटेबलमध्ये एवढी ढील ठेवलेली असते की लूपला वीस मिनिटं सडलेली गाडीसुद्धा कागदावर 'वेळेवर' पोचते. मग आमची कटकट ऐकणार कोण, रेकॉर्डला तर उशीरच नाही.

आता खरं म्हणजे हायस्पीड आली की सगळ्यात जास्त आनंद मलाच व्हायला पाहिजे. फास्ट गाड्या त्यांच्या त्यांच्या नव्या रुळांवर गेल्या की जुन्या रुळांवर जागा मोकळी होणार, लूपला कोण कशाला घेईल? जपाननं 1964 मध्ये शिंकान्सेन सुरू केली ती काही जगाला स्पीड दाखवायला नाही, जुनी तोकाइदो लाइन पार भरून गेली होती, मालगाड्या, लोकल, एक्सप्रेस सगळं त्याच रुळांवर, अजून एक गाडी घालायला फट नव्हती. लांबच्या गाड्या नव्या लाइनवर गेल्या की जुनीवर इतरांना श्वास घ्यायला जागा होणार, हा हिशोब होता. लांबचा प्रवासी काय वर्षातून चार वेळा जाईल, आम्ही रोज जातो, आमचा फायदा या जुन्या रुळांवरच्या मोकळ्या जागेत आहे. आणि तुमच्या अर्ध्या पानात जुन्या लाइनबद्दल एक ओळ नाही! मोकळी झालेली जागा कोणाला देणार? जास्त पॅसेंजर सोडणार, का सगळ्या मालगाड्यांना देणार, का 'आता नवी लाइन आहे ना' म्हणून आहेत त्या गाड्यासुद्धा काढून घेणार?

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाहीये. जपानमध्येच कोमोरो नावाचं गाव आहे, नागानोच्या वाटेवर. जुन्या लाइनवर तिथे टोकियोहून येणारी आसामा एक्सप्रेस थांबायची. 1 ऑक्टोबर 1997 ला नागानोपर्यंत शिंकान्सेन सुरू झाली, तिथलं हिवाळी ऑलिंपिक तोंडावर होतं. नवी लाइन कोमोरोला न जाता शेजारच्या साकु शहराकडून गेली, साकुदाइरा हे नवं स्टेशन झालं, त्याच्या भोवती दुकानं, मॉल, सगळं उभं राहिलं, आणि कोमोरोची एक्सप्रेस बंद. बरं तेवढ्यावर थांबलं नाही, जुन्या लाइनचा घाटातला योकोकावा-कारुइझावा तुकडा त्याच दिवशी बंद केला, तिथे बस सुरू केली, आणि पुढचा भाग मुख्य रेल्वे कंपनीनं एका स्थानिक कंपनीच्या गळ्यात घातला. म्हणजे टोकियो-नागानो जाणाऱ्याची चांदी, आणि मधल्या गावातल्या ज्याला पलीकडच्या गावात कामाला जायचंय तो जाऊन बसला बसमध्ये. स्पेनमध्ये तोलेदोलाही तेच, 2005 मध्ये हायस्पीडचा फाटा आला, माद्रिद अर्ध्या तासावर आलं, सगळे खूश, पण अरांखुएझवरून येणारी जुनी लाइन त्यात गेली ती गेलीच.

लेखकाचं सगळंच चूक आहे असं माझं म्हणणं नाही. रोजचं येणं-जाणं होऊ शकतं, होतंय. स्पेनमध्येच 1992 च्या माद्रिद-सेव्हिल लाइनवर सिउदाद रेआल हे मधलं शहर आहे, तिथून माद्रिदला तासाभरात लोक रोज कामाला जातात, आणि उलटे माद्रिदहून तिथल्या विद्यापीठात शिकवायला प्राध्यापक येतात. पण ते सेव्हिलच्या लांब गाडीच्या कृपेवर नाही झालं. त्यांच्यासाठी वेगळ्या कमी अंतराच्या शटल गाड्या सोडल्या, वेगळे स्वस्त पास दिले, टाइमटेबल ऑफिसच्या वेळा बघून केलं, म्हणून झालं. जर्मनीत कलोन-फ्रँकफर्ट लाइनवर 2002 मध्ये माँटाबाउर आणि लिंबुर्ग अशी दोन स्टेशनं जेमतेम वीसेक किलोमीटरवर काढली. माँटाबाउरला गावातली साधी गाडी त्याच स्टेशनात येते. लिंबुर्गचं नवं स्टेशन शहराबाहेर, तिथे साधी गाडी येतच नाही, बस किंवा स्वतःची गाडी. एकाच लाइनवरची दोन शेजारची स्टेशनं, स्पीड दोन्हीकडे तोच. यापुढे लेखकानं स्पीड सोडून हे असलं काहीतरी लिहावं अशी नम्र विनंती.

पासाचा विषय तर लेखात औषधालाही नाही. जपानमध्ये शिंकान्सेनचा मासिक पास मिळतो, आणि बऱ्याच कंपन्या नोकराच्या येण्याजाण्याचा खर्च देतात, महिन्याला दीड लाख येनपर्यंतच्या त्या भत्त्यावर कर नाही, ही मर्यादा 2016 मध्ये एक लाखावरून वाढवली. म्हणून तिथे लोक शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून येऊ शकतात. आमच्याकडे साध्या पासाची पावती लावली तरी अकाउंट्समधला माणूस चष्म्यावरून असं बघतो जसं मी विमानाचं बिल दिलंय. पास कोण भरणार ते आधी ठरवा, मग दोनशे किलोमीटरवर घर बघायला पाठवा लोकांना. आणि नव्या स्टेशनाजवळची घरं स्वस्त राहतील हे जे शेवटच्या परिच्छेदात आहे ते वाचून मी गाडीत मोठ्यानं हसलो, शेजारच्यानं विचारलं काय झालं. त्याला वाचून दाखवलं. तोही हसला.

तेव्हा पुढचा लेख छापाल तेव्हा इंजिनाच्या नाकाचा तोच फोटो आठ कॉलमात देण्याऐवजी त्या जागेत एवढंच छापा: हायस्पीड सुरू व्हायच्या आधी जुन्या लाइनवर सकाळी सात ते दहा किती गाड्या होत्या आणि नंतर किती राहणार. दोन आकडे. फार जागा लागत नाही.

जागेवरून आठवलं. माझं मागचं पत्र (तिकीट खिडक्या बंद केल्याबद्दलचं) तुम्ही छापलंत, त्याबद्दल आभार, पण मधला परिच्छेद असा कापलात की मी खिडक्या बंद करण्याच्या बाजूनं आहे असा अर्थ निघाला. आमच्या डब्यात आठवडाभर माझ्याशी कोणी नीट बोलत नव्हतं. मी फोन केला तर कळलं की शुद्धिपत्र पत्रांना नसतं. मग कशाला असतं? तर यावेळीही कात्री लावायची झाली तर परीक्षेची हकीकत खुशाल उडवा, साहेब वाचतात तुमचा पेपर. कोमोरो आणि ते दोन आकडे तेवढे ठेवा.

आपला,
एक पासधारक
(नाव छापू नये, वर कारण दिलंय)