गच्ची दुरुस्ती व पाण्याची मोटार खरेदी : रविवारी बैठक (विडी घरकुल, सोलापूर)

सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की, गच्चीची गळती काढणे आणि नवी मोटार घेणे यासाठी आलेली दरपत्रके रविवारी सकाळी १० वाजता समाजमंदिरात सर्वांसमोर उघडली जातील. भाडेकरूंनीही जरूर यावे. गळतंय त्यांच्याच डोक्यावर.

नुसता कमी दर पाहून हात वर करू नका. मोटारीला आयएसआय मार्क आहे का, वॉरंटी किती, वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीवर पाणी साठवून चाचणी देणार का, हे विचारा.

देखरेखीला तिघे हवेत. त्यात निदान एक विडी वळणारी ताई असावी. दिवसभर घरी त्याच असतात, सिमेंटची पोती किती उतरली ते त्यांनाच दिसतं.

त्या वेळी नळाला पाणी आलंच, तर बैठक ११ वाजता.

– देखभाल समिती