फोटोतला पलंगावरचा माणूस सरफोजी नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तंजावरच्या मराठा राजावर, दुसऱ्या सरफोजींवर, लेख आलाय तो वाचला, चांगला आहे, सरस्वती महाल लायब्ररीचा भाग तर दोनदा वाचला. पण एका फोटोखाली 'मृत्युशय्येवर सरफोजी' असं छापलंय ते बरोब्बर उलटं आहे. ते संगमरवरी शिल्प लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने केलेलं आहे आणि त्यात पलंगावर पडलेला माणूस म्हणजे श्वार्ट्झ पाद्री, राजे शेजारी उभे आहेत त्याचा हात हातात घेऊन. ऑर्डरही राजांचीच होती, दगड जहाजाने तिकडून आला आणि किल्ल्यातल्या चर्चमधे बसवला.

फोटोचं एक जाऊ दे, चूक कुणाचीही होते. मला जास्त खटकलं ते लेखातलं एक वाक्य, 'एका जर्मन पाद्रीने त्यांना इंग्रजी शिकवलं'. बास, संपलं! तो पाद्री काय आभाळातून पडला होता का? तो म्हणजे हाच श्वार्ट्झ, एका छोट्याशा लूथरन (मार्टिन लूथरचा प्रोटेस्टंट पंथ) मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, पाळक होता आणि त्या मंडळीची गोष्ट आपल्या मराठी राजवटीशी इतकी गुंतलेली आहे की ती सोडून सरफोजी सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं झालं. मी स्वतः नगरकडचा ख्रिस्ती, आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, त्यामुळे लूथरन म्हटलं की आम्हालाही ते लांबचंच वाटतं. मलाही तंजावरची ट्रिप करेपर्यंत काही माहीत नव्हतं, मग परत येऊन वाचत बसलो.

सुरुवात तंजावरला नाही, तिथून शंभर एक किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगंबाडीला झाली. डॅनिश लोक त्याला ट्रँकेबार म्हणायचे, 1620 मधे तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी तिथे किल्ला बांधला. डेन्मार्कच्या राजाने, फ्रेडरिक चौथ्याने, 1706 मधे तिथे दोन तरुण जर्मन पाठवले, त्सीगेनबाल्ग आणि प्लुचाउ. 9 जुलैला उतरले. तिथल्या डॅनिश गव्हर्नरला ही ब्याद नकोच होती, त्याने पुढे त्सीगेनबाल्गला चार महिने कोठडीतसुद्धा टाकलं. मे 1707 मधे पहिला बाप्तिस्मा झाला तो पाच जणांचा आणि ते पाचही जण डॅनिश मालकांचे गुलाम. म्हणजे राजाने पाठवलेल्या मिशनची मंडळी सुरू झाली ती मालकांच्या गुलामांपासून. 1714 मधे याच गावात तमिळमधे बायबलातली चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्यं छापून झाली, टाइप जर्मनीतून हाले गावाहून आला होता. त्सीगेनबाल्ग 1719 ला गेला, वय फक्त 36.

आता खरी गोष्ट. तेव्हा तंजावरला आपले भोसले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचा वंश, आणि गोऱ्या पाद्र्यांना त्या राज्यात फिरायची मोकळीक नव्हती. मग तंजावरला ही मंडळी उभी केली कुणी? राजनायकन नावाच्या माणसाने. हा मराठी राजाच्या फौजेत होता, लहानसा अधिकारी, जातीने परैयार, म्हणजे तिकडचा अस्पृश्य, आणि घराणं कॅथलिक. त्याच्या हातात ट्रँकेबारला छापलेलं ते पुस्तक पडलं, त्याने वाचलं, ट्रँकेबारला पत्र लिहिलं, 1727 मधे स्वतः जाऊन भेटला, आणि पुढच्या वर्षी फौजेतली नोकरी सोडून उपदेशक झाला. पहिल्या सरफोजींच्या (तुमच्या लेखातले ते दुसरे) कारकिर्दीचा शेवट चालू होता तेव्हाची ही गोष्ट. पुढे चाळीस वर्षं हा माणूस गावोगाव फिरून शिकवत होता. श्वार्ट्झ भारतात यायच्या वीस-बावीस वर्षं आधी ही मंडळी तिथे होती हो! आणि ती मराठ्यांच्या फौजेतल्या एका शिपाईगड्याने उभी केलेली. तुमच्या लेखात नाही ते ठीक, पण मी तरी शाळेत किंवा इतिहासाच्या कुठल्या व्याख्यानात हे नाव ऐकलेलं नाही.

पण याला पाळकाची दीक्षा मिळाली का? नाही. 1733 मधे आरोन हा पहिला भारतीय लूथरन पाळक झाला, तो वेळ्ळाळ, म्हणजे वरच्या जातीचा. पुढे दुसरा पाळक करायची वेळ आली तेव्हा राजनायकनचं नाव पुढे होतं, पण वरच्या जातीचे ख्रिस्ती परैयाराच्या हातून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेणार नाहीत म्हणून 1741 मधे दुसऱ्यालाच, दिओगोला, दीक्षा दिली. आमच्या धर्मात जात नाही असं आम्ही व्यासपीठावरून सांगतो ना, त्यांनी हे जरूर वाचावं. चर्चमधे बसायच्या जागासुद्धा जातीप्रमाणे वेगळ्या होत्या.

श्वार्ट्झ ट्रँकेबारला 1750 मधे आला, मग तिरुचिरापल्ली, आणि 1778 पासून कायमचा तंजावरला. तमिळ तर होतीच पण राजाशी आणि दरबारातल्या लोकांशी बोलायचं म्हणून हा माणूस मराठीसुद्धा शिकला. (आमच्या सोसायटीत तीस वर्षं राहून मराठी न येणारे आहेत, असो.) दुसऱ्या सरफोजींचे दत्तक वडील तुळजाजी राजे यांच्याशी त्याचं चांगलं जमायचं, राजा ख्रिस्ती काही झाला नाही. हैदरअलीच्या स्वारीत किल्ल्यात धान्य संपत आलं, बाहेर शेतकऱ्यांकडे धान्य होतं पण आधी कामाचे पैसे बुडालेले म्हणून राजाच्या माणसांवर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा श्वार्ट्झने स्वतःचा शब्द दिला की पैसे मी देतो, आणि एक-दोन दिवसात धान्य आणायला हजाराच्या वर बैल उभे राहिले. दिलेले पैसे चुकते पण केले.

तुळजाजी 1787 मधे गेले, त्याआधी दहा वर्षांचा दत्तक मुलगा सरफोजी त्यांनी श्वार्ट्झच्या हवाली केला. इथे श्वार्ट्झची एक चूक झाली असं मला वाटतं, मुलाची जबाबदारी तुमच्या भावाला द्या हे त्यानेच सुचवलं होतं. तो भाऊ अमरसिंग स्वतःच गादीवर बसला आणि पोराला जवळजवळ कोंडून ठेवलं, ना शिक्षण ना मोकळी हवा. मग हाच म्हातारा कंपनी सरकारकडे अर्ज-विनंत्या करत राहिला, शेवटी 1793 मधे पोराला मद्रासला हलवलं. फेब्रुवारी 1798 मधे श्वार्ट्झ वारला आणि जूनमधे सरफोजी गादीवर बसले, चार महिने उशीर झाला. थडग्याच्या दगडावर इंग्रजी ओळी आहेत त्या खुद्द राजांनी रचलेल्या. धर्म बदलला नाही, देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला आणि गुरूचं शिल्प पण लावलं, दोन्ही एकाच माणसाने केलं.

त्याच मंडळीतला आणखी एक विद्यार्थी वेदनायगम शास्त्री, राजांच्याच वयाच्या आसपासचा, मोठा तमिळ कवी झाला. नवे पाद्री जातीच्या वेगळ्या बैठका मोडायला लागले तेव्हा हा भांडला, जुन्या रीतीच्या बाजूने! मिशनने काढून टाकलं तर सरफोजींनी दरबारात आसरा दिला. मिशन तोवर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, लोकांच्या हातात गेलं होतं, 1833 मधे बिशप विल्सनने जात ताबडतोब सोडा असं पत्रच काढलं, आणि कितीतरी लोक उठून परत लूथरनांकडे गेले. म्हणजे किल्ल्यातलं चर्च, 1779 चं, बांधलं लूथरन पाळकाने, गेलं अँग्लिकनांकडे, आज चर्च ऑफ साउथ इंडियाचं. तिकडच्या तमिळ लूथरनांचं वेगळं चर्च 1919 पासून आहे आणि ट्रँकेबारचं 1718 मधलं न्यू जेरुसलेम चर्च त्यांच्याकडे. 2004 च्या त्सुनामीत त्या गावाची फार हानी झाली, चर्च मात्र टिकलं.

आम्ही गेलो तेव्हा टूरच्या गाईडने मोठं देऊळ, राजवाडा, लायब्ररी एवढं दाखवून बसमधे बसवलं. किल्ल्यातलं ते चर्च शिवगंगा बागेत आहे, तिथे दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने गेलो तर कुलूप, तासभर थांबल्यावर एक मावशी किल्ली घेऊन आल्या. आम्ही आपसात मराठीत बोलत होतो ते ऐकून त्यांनी शिल्पातल्या राजाकडे बोट दाखवलं आणि तमिळमधे काहीतरी म्हणाल्या, त्यातला 'मराठा' एवढाच शब्द कळला.

तर फोटोखालची ओळ तेवढी येत्या रविवारी दुरुस्त करा. पलंगावर श्वार्ट्झ, उभे सरफोजी. आणि जागा असली तर राजनायकनवर एखादा कॉलम, त्याचा फोटो काही मिळणार नाही, नुसता मजकूर चालेल.

आपला,
एक जुना वाचक, पुणे